गोड लागलेली गोळी

१

गोळी गोड लागली आणि तराजूबाईंच्या काळजात धस्स झालं.

उलटी थांबवणारी गोळी कडू असते. नुसती कडू नव्हे, तुकडा जिभेला लागला तर दुपारचं जेवणही कडू लागावं इतकी. इस्पितळाचं औषधभांडार बत्तीस वर्षं सांभाळणाऱ्या बाईला हे कुणी सांगायची गरज नव्हती. समोर खाटेवर शिंपीणबाई डोळे मिटून पडल्या होत्या. हाताला सलाइन लावलेलं होतं आणि ओठ वाळून पापुद्रे सुटले होते. सोमवारी तिसरी केमो घेऊन त्या स्वतःच्या पायांनी घरी गेल्या होत्या. गुरुवारी सकाळी त्यांच्या जाऊबाईंनी त्यांना स्ट्रेचरवरून परत आणलं. तीन दिवस पोटात पाण्याचा घोट टिकला नव्हता.

"गोळ्या घेतल्या नाहीत का?" तराजूबाईंनी नेहमीच्या फटकळपणानं विचारलं होतं. रोगी औषध घेत नाहीत, हे त्यांचं ठाम मत होतं आणि ते त्या येताजाता बोलून दाखवत.

शिंपीणबाईंनी पिशवीतून बटणांची पत्र्याची डबी काढून दिली. सहापैकी पाच गोळ्या संपल्या होत्या. बटणांच्या गर्दीत सहावी पांढरी गोळी उरली होती. बाईंनी नखानं तिचा तुकडा पाडला आणि जिभेला लावला. ती चक्क साखर होती.

"घेतल्या हो मॅडम, वेळेवर घेतल्या," शिंपीणबाई पुटपुटल्या. "माझंच काहीतरी चुकलं असेल."

चूक त्यांची नाही, गोळीच पोकळ होती, हे संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं. छताकडे बघत त्या शांतपणे म्हणाल्या, "हे कुणी केलं आणि का केलं, ते मला समजलं पाहिजे. तोवर मी पुन्हा केमोच्या त्या खुर्चीत बसणार नाही."

डॉक्टरांनी तराजूबाईंना दाराबाहेर नेलं. "गाठ निम्म्यावर आलीय. चौथी केमो अठरा दिवसांनी आहे. ती चुकली तर आतापर्यंतचं सगळं पाण्यात गेलं. आणि त्या बोलल्या तशाच वागणाऱ्या दिसतात."

"अठरा दिवस कशाला?" तराजूबाई म्हणाल्या. "मला अठरा तास पुरेत."

२

तराजूबाई हे नाव त्यांना मागून पडलेलं. समोर सगळे मॅडम म्हणत. कापसाचं बंडलसुद्धा त्या तोलून घेत आणि माणसाचंही तसंच करत. बत्तीस वर्षांत माझी एक गोळी इकडची तिकडे झालेली नाही, हे वाक्य शिकाऊ मुलींना पाठ होतं.

अशा पोकळ गोळ्या इस्पितळात एकदाच आल्या होत्या. गेल्या वर्षी छोट्या डॉक्टरांनी केमोच्या मळमळीवर एक अभ्यास काढला होता. रोग्याला सरळ सांगायचं की या गोळीत औषध नाही, तरी घेऊन बघा, आणि काय होतं ते लिहून ठेवायचं. कुणाला त्रास वाढलाच तर खरं औषध हाताशी ठेवलेलं असे. पहिल्याच बैठकीत तराजूबाई मोठ्यानं हसल्या होत्या. "मग लिमलेटच्या गोळ्या वाटा की! निदान मुलं तरी खूश होतील." सगळी खोली हसली आणि छोटे डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. पुढं चार महिन्यांत अभ्यास गुंडाळला गेला. उरलेली बरणी नष्ट केल्याची नोंद होती आणि तिच्याखाली मोठ्या सिस्टरांची सही होती.

मोठ्या सिस्टर म्हणजे केमो विभागाचा कणा. वीस वर्षं त्याच विभागात. बोलणं कमी आणि हात हलका, सुई टोचलेली कळू नये इतका.

शुक्रवारी सकाळी आठही खुर्च्या भरलेल्या असताना तराजूबाई विभागात शिरल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, तुमचं कपाट उघडा."

"आत्ता? दुपारी उघडलं तर चालेल का, मॅडम?"

"दुपारपर्यंत त्यातलं काय हलवायचंय?"

रोग्यांनी माना वळवल्या. सिस्टरांनी कमरेची किल्ली काढली. हातमोज्यांच्या खोक्यांमागे ती बरणी होती, तळाशी मूठभर पांढऱ्या गोळ्या होत्या.

"का केलंत हे?"

सिस्टरांची नजर क्षणभर खिडकीकडे गेली आणि परत आली. "शिंपीणबाईंना मी ही गोळी दिली नाही," त्या म्हणाल्या. "याहून जास्त मला सांगता येणार नाही."

"येणार नाही की सांगायचं नाही?"

"सांगायचं नाही."

अकरा वाजता सिस्टर डबा आणि छत्री घेऊन सक्तीच्या रजेवर घरी गेल्या. मावशींनी, म्हणजे विभागात पुड्या वाटणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या बाईंनी, पदर डोळ्यांना लावला. तराजूबाईंनी घड्याळ पाहिलं. अठरा तासही लागले नव्हते.

आणि त्याच दुपारी परतीच्या गोळ्या मोजताना त्यांचा हात थबकला.

३

विभागातून न वापरलेल्या गोळ्या एका डब्यात भांडाराकडे परत येत. त्या डब्यात सहा गोळ्या जास्त होत्या. खऱ्या, कडू गोळ्या.

बाईंनी मागची पानं उलटली. तीन आठवड्यांपूर्वी सहा जास्त, त्याच्याही तीन आठवडे आधी सहा जास्त. दरवेळी त्यांनी शिकाऊ मुलीला झापून आकडा दुरुस्त करायला लावला होता. दोनदा ती पोर रडली होती.

चोर उचलून नेतो, आणून ठेवत नाही. सिस्टर खऱ्या गोळ्या काढून पोकळ भरत असतील, तर खऱ्या इमानेइतबारे परत कशाला पाठवतील? आणि दर तीन आठवड्यांनी बरोबर सहाच, म्हणजे एकाच माणसाची पुडी. शिंपीणबाईंना पहिल्या दोन केमोला काहीच त्रास झाला नव्हता. मग तो माणूस दुसराच कुणीतरी होता.

बाई छोट्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. टेबलावर अभ्यासाच्या फायली दोरीनं बांधून ठेवलेल्या होत्या आणि त्यांवर चहाच्या कपाची गोल खूण उमटली होती.

"तुमची बरणी जिवंत आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

छोट्या डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "ठाऊक होतं."

"आणि गप्प बसलात?"

"मॅडम, एका रोग्याला त्या गोळ्यांनी खरोखर बरं वाटत होतं. अभ्यास बंद झाल्यावर त्यांनी मागून घेतल्या. त्यात काही नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे. खऱ्या गोळीनं त्यांचं डोकं ठणकायचं आणि चार-चार दिवस पोट साफ व्हायचं नाही. त्यांचं केमोचं औषध सौम्य आहे, मळमळ बेताची. म्हणून मी तोंडी हो म्हटलं. शिंपीणबाईंचं औषध जहाल आहे, त्यांना ही गोळी मी स्वप्नातही दिली नसती."

"तोंडी? कागदावर का नाही?"

"कागद तुमच्याकडे आला असता." ते फायलीच्या गाठीशी चाळा करत म्हणाले. "तुम्ही पुन्हा हसला असता."

बाई समोरच्या खुर्चीवर बसल्या.

"कोण आहे तो रोगी?"

"त्यांना मी शब्द दिलाय. सिस्टरांनीही दिलाय. पण मला एक कळत नाही, मॅडम. ती पुडी त्यांच्यासाठीच होती. मग ती शिंपीणबाईंकडे गेली कशी?"

४

शनिवारपर्यंत शिंपीणबाई घरी गेल्या होत्या. औषधं देताना घरात काही गडबड झाली का, हे बघायला बाईंनी त्यांच्या जाऊबाईंना बोलावून घेतलं. त्या पोटाशी पिशवी धरून बाकाच्या कडेवर बसल्या.

"डबीला मी हातसुद्धा लावला नाही," त्या म्हणाल्या. "लावला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, वहिनी, इस्पितळात फोन करू का? मीच म्हटलं, सगळ्यांना गोळी लागू पडते, तुलाच कशी नाही? नाटकं पुरे. मग तिनं फोनचं नावच काढलं नाही. मोरीत जाऊन ओकायची आणि नळ सोडून ठेवायची, मला आवाज येऊ नये म्हणून." त्यांनी वर पाहिलं. "माझं नाव लिहून घेताय का?"

"नाही," बाई म्हणाल्या. गुरुवारी आपणही पहिल्या दमात तेच विचारलं होतं, हे त्यांना आठवलं. गोळ्या घेतल्या नाहीत का?

त्या उठून विभागात गेल्या. प्रत्येक रोग्याचं एक पिवळं कार्ड असे. दर केमोनंतर किती उलट्या झाल्या, काय दुखलं, ते त्यानं रोज घरी लिहायचं आणि शुक्रवारी कार्ड पाठवायचं. सोमवारच्या बाकी सात रोग्यांची कार्डं टेबलावर पसरून त्या वाचायला बसल्या. सहा कार्डांत शोधण्यासारखं काही नव्हतं. सातवं मास्तरांचं होतं. मास्तर म्हणजे निवृत्त विज्ञानशिक्षक, खिडकीजवळच्या सात नंबरच्या खुर्चीचे मालक. त्यांच्या टपोऱ्या अक्षरात या वेळी लिहिलं होतं: 'मळमळ नाही. डोके सतत ठणकते. पोट तीन दिवस साफ नाही.' मागच्या चार केमोंच्या रकान्यांत डोक्याचा आणि पोटाचा उल्लेखच नव्हता.

बाईंनी ते कार्ड बाकीच्यांतून वेगळं काढलं. मास्तरांना या वेळी खरी गोळी गेली होती. म्हणजे त्यांची पोकळ गोळी दुसऱ्या कुणाला तरी गेली.

"मावशी," त्यांनी हाक मारली, "सोमवारी सात नंबरवर कोण बसलं होतं?"

मावशी चादरीची घडी करता करता थांबल्या. "शिंपीणबाई. त्यांची दोन नंबरची खुर्ची मोरीपाशी आहे ना, फिनेलच्या वासानं त्यांना सकाळीच कसंतरी व्हायला लागलं. मास्तर म्हणाले, ताई, तुम्ही खिडकीत बसा, मला वासाचं काही वाटत नाही. भला माणूस! मंगळवारी त्या खुर्चीच्या फटीतून मी निळे दोरे वेचून काढले. शिवणकामाचे. त्यांच्या अंगाला ते नेहमी चिकटलेले असतात, त्यावरून हसलेही होते मी त्यांना मागे एकदा."

"आणि पुड्या?"

"वाटल्या की, नंबर बघून. सातची पुडी सातच्या खुर्चीवर. सलाइनच्या पिशवीवर नाव असतं, ते दोघी-दोघी नर्स वाचतात. पुडीवर नुसता नंबर. तुमचाच नियम आहे ना, मॅडम? तो काय भिंतीवर."

भिंतीवर तराजूबाईंच्या वळणदार अक्षरात पाटी होती: 'ज्याची खुर्ची त्याची पुडी.'

"सिस्टरांनी बघितलं नाही?"

"सिस्टर कुठे होत्या? त्या म्हणत होत्या, आज पुड्या वाटून झाल्यावर येते. पण कापसाच्या एका बंडलाचा हिशेब लागत नाही म्हणून त्यांना खाली भांडारात दीड तास कुणी उभं केलं होतं?"

मावशींनी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

५

सहा महिन्यांपूर्वी पुड्यांवर नावं असत. तराजूबाईंनीच ती बंद केली. सगळ्या पुड्यांत त्याच सहा गोळ्या, मग नाव लिहिण्यात वेळ कशाला घालवायचा? त्या दिवशी सिस्टर भांडारात आल्या होत्या. "मॅडम, नावं राहू द्या ना." का, विचारल्यावर त्या घुटमळल्या होत्या. आणि बाई फाडकन म्हणाल्या होत्या, "पुडी आहे ती, लग्नपत्रिका नाही!" शिकाऊ मुली फिदीफिदी हसल्या होत्या. सिस्टर मान खाली घालून निघून गेल्या होत्या.

आता ते शब्द बाईंना एकेक करून आठवत होते आणि कान तापत होते.

मास्तरांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. पुस्तकं भिंतभर होती. त्यांनी स्वतः दार उघडलं आणि बाईंच्या हातातलं पिवळं कार्ड बघताच खाली बसले.

"कळलं तर तुम्हाला," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मुलांना सांगितलं, अंगारेधुपारे झूट आहेत, पुरावा असेल तेच माना. एकाला तर गळ्यातला ताईत काढायला लावला होता मी, भर वर्गात. आणि आता मला बरं वाटतं कशानं? साखरेच्या गोळीनं. तेही ती साखर आहे हे माहीत असताना! मुलगा मोठा शास्त्रज्ञ आहे माझा. त्याला हे कोणत्या तोंडानं सांगू? म्हणून सिस्टरांकडून वचन घेतलं. कुणाला बोलू नका."

"त्यांनी ते पाळलं, मास्तर. सगळ्या विभागासमोर अपमान झाला तरी पाळलं."

"कुणी केला अपमान?"

"मी केला," बाई म्हणाल्या.

मास्तर चष्मा काढून पुसत राहिले. "आणि त्या शिंपीणबाईंना मी खिडकी दिली होती, वारं लागावं म्हणून. म्हणजे त्यांचे हाल माझ्यामुळे झाले."

"तुम्ही खुर्ची दिलीत. पुडीवरचं नाव मी काढलं. तुमचं गुपित मोडावं लागेल, मास्तर. त्याशिवाय त्या यायच्या नाहीत."

"मोडा," मास्तर म्हणाले. "नाहीतर असं करू, मीच येतो आणि सांगतो."

"नको. हे मला एकटीला करायला हवं."

तिथून बाई सिस्टरांकडे गेल्या. बत्तीस वर्षांत त्यांनी कुणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळे ती कशी मागतात हे त्यांना कळेना. "चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी," एवढंच त्या उंबऱ्यावर उभ्या राहून म्हणाल्या.

सिस्टर लगेच विरघळल्या नाहीत. "चुकले तर मीही," त्या म्हणाल्या. "बरणी नष्ट केली म्हणून खोटी सही केली. त्या सोमवारी तुम्ही खाली उभं केलंत, तेव्हा वर पुड्या वाटायची वेळ झालीय, हे शंभरदा ओठांवर आलं. पण तुमच्याशी बोलायचं म्हणजे..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "पाणी देऊ का, मॅडम?"

६

शिंपीणबाईंच्या खोलीत खिडकीपाशी मशीन होतं. त्या अंगावर शाल घेऊन एका फ्रॉकला हूक लावत होत्या. तराजूबाई स्टुलावर टेकल्या आणि पहिल्यांदा त्यांची नजर गेली ती मशीनच्या फळीवरच्या खाकी पुडीवर. तिच्यात हूक भरून ठेवले होते. पुडीच्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीनं सात लिहिला होता. लांब शेपटीचा सात. असा सात सगळ्या इस्पितळात एकच बाई काढायची.

इतके दिवस त्या गुन्हेगार शोधत हिंडत होत्या आणि त्याचं अक्षर इथं हूक सांभाळत पडलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सापडलं का कोण ते?" शिंपीणबाईंनी सुईवरची नजर न काढता विचारलं.

"सापडलं. मी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मास्तरांची गोळी, खुर्ची, पाटी, कापसाचं बंडल, लग्नपत्रिकेचा विनोद. काही गाळलं नाही.

शिंपीणबाईंची सुई केव्हाच थांबली होती. "मास्तरांना त्या गोळीनं बरं वाटतं," त्या हळूच म्हणाल्या. "मग मला का नाही वाटलं? माझाच विश्वास कमी पडला का?"

या बाईनं तीन दिवस नळ सोडून ओकाऱ्या काढल्या होत्या आणि अजूनही ती स्वतःलाच तपासत होती. तराजूबाईंना वाटलं, धरणीनं पोटात घेतलं तर बरं.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "त्यांचं औषध वेगळं आहे, तुमचं जहाल. शिवाय त्यांनी ती गोळी जाणून मागितली होती. तुम्हाला कुणी विचारलंच नाही. तुमचं यात काही, काहीसुद्धा चुकलेलं नाही."

"हे त्या दिवशी कुणीतरी म्हणायला हवं होतं."

"हो. आणि मी विचारलं, गोळ्या घेतल्या नाहीत का."

शिंपीणबाईंनी पुडीतले हूक डबीत ओतले, रिकामी पुडी सपाट केली आणि बाईंच्या हातात दिली. येईन म्हणाल्या नाहीत, येणार नाही असंही म्हणाल्या नाहीत.

७

चौथ्या केमोच्या सोमवारी भिंतीवर पाटीच्या जागी नुसती खिळ्याची भोकं होती. कपाटाची किल्ली पुन्हा सिस्टरांच्या कमरेला होती. बरणीवर आता खरं लेबल होतं, मास्तरांच्या कागदावर छोट्या डॉक्टरांची सही होती आणि तिच्याशेजारी तराजूबाईंची. दोन नंबरची खुर्ची मोरीपासून हलवून खिडकीत, सातच्या शेजारी आणली होती. ती दहा वाजेपर्यंत रिकामीच राहिली.

सव्वादहाला जाऊबाईंच्या हाताला धरून शिंपीणबाई आल्या. कुणाकडे न बघता खुर्चीत बसल्या, पण सुईसाठी हात पुढे केला नाही.

दुपारी पुड्या वाटायला तराजूबाई स्वतः आल्या. पुडीवर शिंपीणबाईंचं पूर्ण नाव होतं. त्यांनी ते बोट फिरवून वाचलं, एक गोळी काढून तळहातावर घेतली आणि हात बाईंपुढे धरला.

"आधी तुम्ही," त्या म्हणाल्या.

सगळा विभाग बघत होता. याच जागी, याच लोकांसमोर तराजूबाईंनी कपाट उघडायला लावलं होतं. त्यांनी गोळीचा तुकडा तोडला आणि जिभेवर ठेवला. कडूजहर चव घशापर्यंत उतरली, डोळ्यांत पाणी आलं.

"कशी आहे?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"कडू."

शिंपीणबाईंनी त्यांचा वाकडा झालेला चेहरा नीट, पुरता न्याहाळला. मग मान हलवली आणि सिस्टरांना सुईसाठी हात पुढे केला.

मावशींनी पाण्याचा पेला आणून धरला, तेव्हा तराजूबाईंनी तो हातानं बाजूला सारला. संध्याकाळी भांडाराला कुलूप लावेपर्यंत ती चव त्यांच्या तोंडात होती.